सातव्याचं उत्तर

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात चुकणारा मास्तर एकच होता. बाकी आम्ही कुणी कधी चुकत नसू. मी तिथं मराठी शिकवायचो, आणि मराठीत काय चुकणार? कवितेचा अर्थ कसाही लावला तरी पोरं मुकाट्यानं उतरवून घेतात. भौतिकशास्त्राचे मास्तर गाईडमधून शिकवत, त्यामुळे चूक झालीच तर ती गाईडची. प्राचार्य काहीच शिकवत नसत, तेव्हा त्यांचा प्रश्नच नव्हता. राहता राहिले रसायनशास्त्राचे सोनोने सर. ते दर आठवड्याला चुकत, नेमाने चुकत, आणि तेही घरी बसून तयारी करून.

हे कॉलेज मोताळ्याचं. मोताळा म्हणजे तालुक्याचं गाव. तहसील आहे, बसस्टँड आहे, बाजाराच्या दिवशी चालायला जागा नसते आणि इतर दिवशी चालायला कारण नसतं. आजूबाजूच्या खेड्यांतून कापूस-सोयाबीनवाल्यांची पोरं एसटीने आमच्याकडे शिकायला येत. सायन्स घेतलेल्या प्रत्येक पोराच्या नावामागे घरच्यांनी मनातल्या मनात डॉक्टर लावून ठेवलेलं असे. पोराला तेवढं विचारायचं राहून गेलेलं असे.

सोनोने सर मूळचे पिंपळगाव राजाचे. घरी भाजीपाल्याची शेती, थोरला भाऊ ती करायचा. अंगाने किडकिडीत, चालताना मान शरीराच्या आधी पोचायची, आणि प्रत्येक शर्टाला पोटापाशी बारीक बारीक भोकं. ती ॲसिडच्या थेंबांची. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, दिवाळीलासुद्धा त्यांना नवा शर्ट घेत नसत. "यायच्यासाठी कपडा घेणं म्हणजे प्रयोगशाळेले कपडा घेणं हाय, भाऊजी," असं मला म्हणायच्या. सर शेजारी बसून हे ऐकत आणि मान डोलवत, जणू वहिनी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत.

सरांचा सगळ्यात मोठा आजार म्हणजे एकक. नुसता आकडा त्यांच्या कानाला सोसत नसे. पोरानं "सर, उत्तर पाच" म्हटलं की ते खडू खाली ठेवत. "पाच काय? पाच ग्रॅम, पाच लिटर का पाच बकऱ्या?" वर्गात हे ठीक आहे, त्याचा पगार मिळतो. पण हा गृहस्थ बाहेरही तसाच. चहावाल्यानं "सर, दोन आणू?" म्हटलं की, "दोन काय?" पुतण्यासाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हा मुलीच्या बापानं विचारलं, मुलाचं वय किती. कुणीतरी म्हणालं, अठ्ठावीस. सर सवयीनं म्हणाले, "अठ्ठावीस काय?" मुलीचा बाप त्यांच्याकडे बघतच राहिला. ते लग्न जुळलं नाही, आणि वहिनी त्याचं खापर आजही सरांच्या एककावर फोडतात.

दुसरा आजार खाडाखोडीचा. आम्ही बाकीचे मास्तर स्वच्छ अक्षराला, नीट समासाला मार्क द्यायचो, कारण त्याखाली काय लिहिलंय ते वाचावं लागत नाही. सर मात्र खोडलेल्या ओळीपाशी लाल टिक करत. "खोडलं म्हणजे त्या जागी डोकं चाललं," असं त्यांचं म्हणणं. पोरं काय कमी होती? आधी सगळं गणित बरोबर लिहायचं, मग मध्ये सावकाश एक चुकीची ओळ लिहून ती खोडायची, असा नवा उद्योग सुरू झाला. सरांना तेही कळायचं. "हे खोडणं वरून घातलेलं हाय बे," असं म्हणून ते ती ओळच खोडत.

एककाच्या सवयीपायीच त्यांनी संस्थेच्या अध्यक्षांशी वाकडं घेतलं. अध्यक्षांना सगळा तालुका भाऊसाहेब म्हणे. झेंडावंदनानंतर भाऊसाहेबांनी भाषणात सांगितलं की आपल्या कॉलेजचा निकाल शंभर टक्के लागला. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या खुर्च्यांतून सोनोने सर सरळ मनानं म्हणाले, "शंभर टक्के म्हणजे कितीतले किती, भाऊसाहेब?" आता, नापास होतील अशी वाटणारी पोरं आधीच बाहेरून परीक्षेला बसवलेली होती, हे मंडपात बांधलेल्या पताकांनासुद्धा माहीत होतं. भाऊसाहेब हसले. त्यांचं ते हसू पुढं बरीच वर्षं टिकलं.

आता त्या नेमाच्या चुकीबद्दल. सर दर शनिवारी बारावीला गृहपाठाचा कागद देत. दहा गणितं आणि तळाशी दहा उत्तरं. गणितं साधी, पायाची. एवढा पदार्थ जाळला तर किती राहील, एवढं मीठ एवढ्या पाण्यात घातलं तर द्रावण किती तीव्र, अशी. एका सोमवारी मी स्टाफरूममध्ये मोकळा बसलो होतो, म्हणजे नेहमीसारखा बसलो होतो. सरांनी पोरांच्या कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

"पाहा बरं सातवं."

"सर, मले काय समजते त्यातलं?"

"बेरीज येते ना तुमाले? मंग बस."

सातवं गणित असं होतं : बारा ग्रॅम मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली तर किती पांढरी भुकटी मिळेल? सरांनी मला समजावून सांगितलं. मॅग्नेशियमचं वजन चोवीस धरायचं, त्याला हवेतला सोळा वजनाचा ऑक्सिजन चिकटतो, म्हणजे चोवीसाचे चाळीस होतात. मग बाराचे किती? "वीस," मी म्हणालो, आणि मराठीच्या मास्तराला शोभेल एवढी छाती फुगवली. "वीस ग्रॅम," सर म्हणाले. आणि कागदाच्या तळाशी छापलं होतं, बावीस ग्रॅम.

"सर, इथं चुकलं की तुमचं."

"तुमी सांगतलं त्याचं काय कौतुक? मास्तर लोक एकमेकाईच्या चुका काढाले टपूनच राह्यतात. पोट्ट्याईचं पाहा."

मी पोरांचे कागद पाहिले. सगळ्यांचं उत्तर बावीस. एकानं ऑक्सिजनचं वजन सोळाचं वीस करून टाकलं होतं. जगभरातला ऑक्सिजन त्यानं एका शनिवारात जड केला, पण सरांचा शब्द खाली पडू दिला नाही. दुसऱ्यानं सगळं बरोबर करून वीस आणलं होतं आणि खालच्या ओळीत लिहिलं होतं, "म्हणून बावीस." तिसरा जरा मोठा कलाकार निघाला. त्यानं वीस आणून पुढं लिहिलं होतं, "हवेतला ओलावा, दोन ग्रॅम." सरांनी त्याला अर्धा मार्क दिला होता.

"याले काऊन देल्ला?"

"खोटं बोलला, पण कारण तं देल्लं ना त्यानं."

मग सरांनी सांगितलं की दर आठवड्याला एक उत्तर ते मुद्दाम चुकीचं छापतात. कधी तिसऱ्याचं, कधी नवव्याचं, पण बहुतेक वेळा सातव्याचं, कारण तिथवर पोचता पोचता पोरं दमलेली असतात. सोमवारी तेच गणित ते फळ्यावर सोडवून वीस आणतात आणि पोरांकडे तोंड करून नुसते उभे राहतात. पोरं मुकाट्यानं बावीस खोडून वीस करतात. कागदावरचं सरांचं, फळ्यावरचंही सरांचं, म्हणजे दोन्ही बरोबर.

"मले एक पोट्टं पाह्यजे," सर म्हणाले, "जे उभं राहून म्हणन का सर, तुमचं चुकलं. एकच पाह्यजे. लय नाही मागत."

"अन् म्हटलं तं काय करान?"

"अजून वेळच आली नाही, तं काय सांगू?" मग म्हणाले, "एक आला होता मागं. म्हणे, सर, माह्यं वीस येऊन राह्यलं, माह्यं काय चुकलं असन? मी म्हटलं, पुन्हा करून पाहा. दुसऱ्या दिवशी बावीस करून घेऊन आला बिचारा."

मी खूप हसलो. मोठ्यांचं चुकत नाही, हे आपल्याकडे पोराला पायावर उभं राहण्याच्या आधी शिकवलेलं असतं. बापाचं चुकत नाही, काकाचं चुकत नाही, सरपंचाचं तर मुळीच नाही, आणि मास्तरचं चुकलं तर तो फळा पुसून घेतो. एवढ्या सगळ्या न चुकणाऱ्या लोकांत आपला तालुका अजून मागासलेला कसा, याचं मला नेहमी नवल वाटे. सरांना मी म्हणालो, तुम्ही चुकीच्या जिल्ह्यात प्रयोग करताय. ते हसले नाहीत.

प्रयोगशाळेत त्यांच्या टेबलाला एक खण होता, आणि त्यात नुसती झाकणं होती. औषधाच्या बाटल्यांची टोपणं : लाल, पिवळी, पांढरी, लहान, मोठी. प्रत्येकाच्या आत काळ्या शाईनं ते किती मिलिलिटरचं आहे ते लिहिलेलं. वर्षाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला ते पोरांना ही टोपणं पाण्यानं भरून मोजायला लावत. मी विचारलं, ही काय हौस? म्हणाले, "मापं हायेत." आणि खण लोटून दिला. नंतर एकदा त्यांच्या घरी पोह्यांवर बसलो असताना, सर दूध आणायला गेले तेव्हा वहिनींनी मला त्यामागचं कारण सांगितलं.

"आमचे मोठे भासरे," वहिनी म्हणाल्या, म्हणजे सरांचे थोरले भाऊ. "मिरचीवर फवाराले नवं औषध आणलं त्याईनं. दुकानदारानं सांगतलं, पंपाले दोन टोपणं. जुन्या बाटलीचं टोपण असते एवढुसं. ह्या नव्या बाटलीचं टोपण म्हणजे वाटीच. अन् बाटलीवर लिहेल होतं भाऊजी, किती टाकाचं ते. त्याईनं वाचलंबी होतं. दहावी शिकेल हायेत ते."

"मग?"

"मंग काय? दोन टोपणं टाकली. वावरातच पडले. बुलढाण्याले नेलं, जीव वाचला, पण डोळे गेल्यातच जमा हायेत. आता माणूस आवाजावरून ओळखतात. दवाखान्यात ह्याईनं इचारलं, दादा, तू वाचलं होतं तं दोन टोपणं काऊन टाकली? तं म्हणे, दुकानदार रोजचा माणूस, तो कसा चुकन? मले वाटलं, बाटलीवरचंच चुकीचं छापलं असन."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. तेवढ्यात सर दूध घेऊन आले आणि वहिनींनी विषय बदलला. मी त्या रात्री घरी जाताना सातव्या गणितावर केलेले माझे सगळे विनोद आठवत गेलो. त्यातला एकही मला हसू आणीना.

यानंतर फोन आले. म्हणजे फोन आधीपासून होतेच, पण आता फोनला गणितं येऊ लागली. गणिताचा फोटो काढायचा, की फोन पायरी पायरीनं सोडवून देणार, वर शाबासकी देणार. पोरांच्या दृष्टीनं हा सोनोने सरांपेक्षा बरा मास्तर, कारण हा एकक विचारत नव्हता, स्वतःच लिहायचा. असाच एक सोमवार उजाडला, आणि त्या आठवड्याच्या कागदावर सातवं गणित पुन्हा तेच मॅग्नेशियमचं होतं. मी शेजारच्या वर्गात अलंकार शिकवत होतो, मधली भिंत अर्धीच, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू येई. बारावीत वैष्णवी नावाची एक मुलगी होती. मोताळ्याजवळच्या खेड्यातली, बोलायला फार नाही. ती उभी राहिली.

"सर, सातव्याचं उत्तर चुकलं हाय."

पलीकडं एवढी शांतता झाली की माझा अनुप्रासही थांबला. मग सरांचा आवाज आला, आणि तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. सणाच्या दिवशी घरातल्या माणसाचा असतो तसा. "शाबास," ते म्हणाले. "लय शाबास. आता सांग बरं, काय चुकलं?"

वैष्णवी हळूच म्हणाली, "फोनमधी वीस येऊन राह्यलं, सर."

"हाव सर, आमच्याबी फोनमधी वीसच हाय," सगळा वर्ग एका सुरात.

"बरं. फोनचं बरोबर अन् माह्यं चूक, हे कशावरून?"

पलीकडून वह्यांची पानं उलटल्याचा आवाज तेवढा आला. सर तास संपवून स्टाफरूममध्ये आले. चहावाल्यानं "दोन आणू?" विचारलं आणि सरांनी नुसती मान हलवली. मग मला म्हणाले, "पह्यले माह्यावर इश्वास होता, आता फोनवर हाय. माणूस बदलला, बाकी समदं तसंच राह्यलं." मी म्हटलं, सर, निदान फोनचं उत्तर बरोबर तरी आहे. म्हणाले, "आज बरोबर हाय."

त्याच संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर फोटो फिरू लागला. एका बाजूला सरांच्या कागदावरचं बावीस, दुसऱ्या बाजूला फोनचं वीस. खाली एका पालकानं लिहिलं, "मास्तरले बेरीज येत नाही अन् आमचे पोट्टे डॉक्टर होतीन?" त्याखाली अंगठे, रागीट तोंडं, आणि एका आजोबांकडून चुकून शुभ सकाळ. भाऊसाहेबांना हे हवंच होतं. बुलढाण्याच्या एका कोचिंगवाल्यांशी त्यांचं आधीच ठरलं होतं की बारावीचं सायन्स तेच येऊन शिकवतील, इमारत आमची आणि मास्तर त्यांचे. अडचण एवढीच होती की रसायनशास्त्राला सोनोने सर होते, आणि त्यांना काढायला कारण नव्हतं. कारण आता सरांनीच छापून दिलं.

पालकांची सभा झाली. भाऊसाहेब मधल्या खुर्चीत, सर कडेला उभे. भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते, आणि हेच मला सांगायला जड जातं. त्यांनी सरांना पळवाट दिली. "सोनोने, तुमचा अनुभव मोठा हाय. एक कागद लिहून द्या, का छपाईत चूक झाली. इषय इथंच संपला. बारावी तुमच्यापाशीच राहीन."

सगळा हॉल सरांकडे बघू लागला. बारावी म्हणजे सरांचा जीव होता. तिथून पोरं बाहेर पडतात ती पुन्हा कुणाच्या हाती लागत नाहीत, म्हणून तोच वर्ग त्यांना हवा असे. मी मनातल्या मनात म्हणत होतो, लिहा, सर. एक ओळ लिहा.

"छपाईत चूक नाही," सर म्हणाले. "मी मुद्दाम देल्लं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. सरांना भाषण येत नसे. त्यांनी समजावून सांगायला सुरुवात केली, ती भलतीकडूनच. पुढच्या रांगेतल्या एका बापाला विचारलं, "भाऊ, तुमी पंपाले औषध किती टाकता?"

"दोन टोपणं," बाप म्हणाला.

"टोपणात किती मावते?"

"टोपणभर," बाप म्हणाला, आणि सगळा हॉल हसला. बापही हसला. सर नाही हसले, आणि पुढं त्यांना काही बोलता आलं नाही. डोळे गेलेल्या भावाचं नाव ते शंभर माणसांसमोर घेणारे नव्हतेच. भाऊसाहेब म्हणाले, "सोनोने, हे शेतकी खात्याचं काम हाय," आणि पुढचा विषय घेतला. नोकरी अनुदानित, तिला हात लावता येत नव्हता. म्हणून सरांना त्याच आवारातल्या आमच्या शाळेत आठवी-नववीचं विज्ञान दिलं.

बसस्टँडकडे चालताना मी सरांवर चिडलो. एवढा हट्ट कशाला? एक खोटी ओळ, तीही भाऊसाहेबांच्या समाधानासाठी. कोण वाचणार होतं ती पुन्हा?

"ते लिहून देल्लं असतं," सर म्हणाले, "तं मीबी बावीसच आणले असते ना."

पुढच्या आठवड्यात कोचिंगवाले आले. त्यांना सर म्हणायचं नव्हतं, फॅकल्टी म्हणायचं होतं. जाकिटं एकसारखी, बोलणं एकसारखं. त्यांच्या नोट्स गुळगुळीत कागदावर, चार रंगांत, आणि तळाशी सगळी उत्तरं दिलेली. ती सगळी बरोबर आहेत असं मुखपृष्ठावरच छापलं होतं. पालक खूश झाले. भाऊसाहेबांनी फाटकावर मोठा फ्लेक्स लावला आणि त्यावर बारावीच्या निकालाच्या आधीच अभिनंदन करून टाकलं. सर त्या फ्लेक्सखालून रोज आठवीच्या वर्गाकडे जात. मला वाटलं होतं, ते खचतील. ते खचले नाहीत, पण गप्प झाले. आठवीला उत्तरं तळाशी देत नसत. स्टाफरूममध्ये खिडकीजवळ बसून वह्या तपासत, कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देत नसत. खरं सांगायचं तर मला ते बघवत नव्हतं, आणि मी माझी निवृत्ती जवळ आली याचं बरं मानू लागलो होतो.

माझ्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती. दारात वैष्णवी उभी. हातात कोचिंगच्या नोट्स.

"सर, एक गणित इचाराचं होतं."

"तुमच्या फॅकल्टीले इचार," सर वहीतून मान वर न करता म्हणाले.

"सर, नोट्समधी उत्तर चार पॉइंट चार ग्रॅम देल्लं हाय. समद्याईचं तेच येते. माह्यं दोन पॉइंट दोन येऊन राह्यलं."

"वाच."

तिनं वाचलं. दहा ग्रॅम संगमरवराच्या चुऱ्यावर अमुक इतकं हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं, तर कार्बन डायऑक्साइड किती निघेल? आम्लाचं वजन ती वाचत होती तोवर सरांचं लक्ष वहीत गेलेलं होतं. "शंभराले चव्वेचाळीस," ते म्हणाले, "दहाले चार पॉइंट चार. नोट्स बरोबर हायेत. जाय."

ती गेली नाही.

"जाय म्हटलं ना."

"सर, पण आम्ल पुरत नाही."

आता सरांनी मान वर केली. त्यांचा चेहरा मला नवा होता. "पोरी, तू जन्मली नव्हती तवापासून शिकवून राह्यलो मी हे."

हे वाक्य मी त्या इमारतीत सगळ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. प्राचार्यांच्या, भाऊसाहेबांच्या, माझ्या स्वतःच्या. सोनोने सरांच्या तोंडून मात्र पहिल्यांदाच ऐकत होतो. वैष्णवीचे कान लाल झाले. नोट्स तिनं छातीशी धरल्या. मला वाटलं, गेली ही आता, आणि उद्या चार पॉइंट चार करून आणेल.

"असन सर," ती म्हणाली. "पण तुमचं चुकलं. एका संगमरवराले दोन आम्ल लागते. इथं एकच हाय. ते अर्ध्यातच सरते, अन् अर्धा संगमरवर तसाच पडून राह्यते. मंग गॅसबी अर्धाच निघन ना?"

सरांनी नोट्स तिच्या हातातून ओढूनच घेतल्या. एक कोरा कागद घेतला आणि पहिल्यापासून मांडायला लागले. घाईत सुरुवात केली, मग पेन हळू झालं, मग थांबलं. दोन पॉइंट दोन. त्यांनी ते पुन्हा एकदा केलं. तेच आलं.

"फोनले इचारलं होतं?"

"नाही सर. सोताच करून पाह्यलं. पुन्हा केलं तरी तेच आलं."

"चुकलं माह्यं," सर म्हणाले. या वेळी ते मुद्दाम नव्हते चुकले, खरोखर चुकले होते, वर तिच्यावर डाफरले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. मलाही भरून आलं, आणि मी उगाच हजेरीपटात तोंड घातलं.

"जाय," सर तिला म्हणाले. "आता वर्गात जाऊन सांग."

"त्या सराईले? मी?"

"तू."

"ते रागावतीन, सर."

"मी नाही रागावलो का?"

ती जरा उभी राहिली. मग नोट्स घेऊन निघाली. सर तिच्या मागोमाग व्हरांड्यात आले, त्यांच्या मागोमाग मी. बारावीचा तास सुरू झाला होता, आत फॅकल्टी माइकवर बोलत होते. ती दार ढकलून आत गेली. खिडक्या ऊन येऊ नये म्हणून लावून घेतलेल्या, त्यामुळे दिसत काही नव्हतं. माइक थांबला. मग तिचा आवाज आला, बारीक, पण भिंतीच्या या बाजूपर्यंत पोचेल असा.

"सर, नोट्समधलं उत्तर चुकलं हाय. काऊन ते सांगू का?"

सर लगेच वळले. मी त्यांच्या बाहीला धरलं. "थांबा ना, सर. काय म्हणतात ते तं ऐका."

"ते आता तिचं ती पाहीन," सर म्हणाले, आणि मान पुढे घालून आठवीच्या वर्गाकडे चालू लागले.